मादी निवडुंग नरापेक्षा जास्त तुरट असतो का?

करटोलीचा मांडव घालणाऱ्याला नर वेल आणि मादी वेल हा फरक समजावून सांगावा लागत नाही. फळ फक्त मादी वेलीला लागतं, आणि आठ-दहा माद्यांमागे एक नर ठेवला नाही तर तेही लागत नाही. पपईच्या जुन्या वाणांतही हाच प्रकार. निवडुंगाबद्दल मात्र हा प्रश्न सहसा कुणाच्या डोक्यात येत नाही. जगात निवडुंगाच्या सुमारे दीड हजार जाती आहेत आणि त्यातल्या बहुतेक सगळ्या उभयलिंगी आहेत: एकाच फुलात पुंकेसरही आणि स्त्रीकेसरही. नर झाड वेगळं आणि मादी झाड वेगळं अशा जाती अगदी थोड्या. त्यांतल्या बऱ्याचशा मेक्सिको आणि अमेरिकेच्या नैर्ऋत्य भागातल्या.

या थोड्या जाती अभ्यासकांना महत्त्वाच्या वाटतात त्या एका हिशेबासाठी. दोन झाडं एकाच जातीची, एकाच माळावरची, एकाच पावसावर वाढलेली. त्यातलं एक दरवर्षी बोंडं पोसतं, दुसरं फक्त पराग तयार करतं. खर्च वेगळा असेल तर खाणाऱ्यांपासून बचाव करणारी रसायनंही वेगळ्या प्रमाणात असतील का?

आधी एक गोंधळ दूर करू. आपल्याकडे ‘निवडुंग’ हा शब्द दोन वेगळ्या कुळांना लावला जातो. बांधावरचा तिधारी निवडुंग, ज्याला मोडलं की पांढरा चीक येतो, तो निवडुंगाच्या कुळातला नाहीच. तो एरंडाच्या कुळातला. खरा निवडुंग म्हणजे चपट्या फड्यांचा फड्या निवडुंग, मूळचा अमेरिका खंडातला. महाराष्ट्रात माळरानावर दिसणाऱ्या फड्या निवडुंगात नर-मादी शोधत बसू नका, ते उभयलिंगी आहेत.

कोणते निवडुंग

सगळ्यात सोयीचं उदाहरण म्हणजे मध्य मेक्सिकोच्या पठारावरचा ओपन्शिया रोबस्टा (फड्या निवडुंगांच्या गटाचं शास्त्रीय नाव ओपन्शिया). मोठे, गोलसर, निळसर हिरवे फडे, पिवळी फुलं. याच्या काही वसाहतींत फक्त उभयलिंगी झाडं असतात, काहींत नर आणि मादी, आणि काहींत तिन्ही प्रकार शेजारीशेजारी. अशा तिहेरी वसाहतीचा अभ्यास राफाएल देल कास्तिल्यो आणि सोनिया त्रुहियो यांनी २००९ मध्ये प्रसिद्ध केला. तिन्ही प्रकार एका माळावर मिळणं ही चैनच आहे. नर आणि मादी यांची तुलना तर होतेच, शिवाय दोन्ही कामं एकटं करणारं झाड त्याच जमिनीत उभं असतं. ओपन्शिया स्टेनोपेटाला ही केशरी-लाल फुलांची जातही मेक्सिकोतलीच, तिच्यात नर-मादी वेगळी. बाहा कॅलिफोर्नियातल्या मॅमिलॅरिया डायोइका या लहान गोलसर निवडुंगाच्या तर नावातच हे आलं आहे: ‘डायोइका’ म्हणजे नर-मादी वेगळी असलेली.

झाडाचं लिंग फक्त फुलोऱ्यात कळतं. फूल उघडल्यावर परागकोशाला बोट लावा. नर फुलात बोट पिवळं होतं. मादी फुलात पुंकेसर असतात, पण परागकोश बारीक, सुकट आणि रिकामे; उलट कुक्षी, म्हणजे स्त्रीकेसराचं टोक, जाड आणि तिचे फाटे पसरलेले. खात्री करायची तर फुलाचा खालचा हिरवा भाग पात्याने उभा चिरायचा: मादीत बीजांडांचे पांढरे दाणे दिसतात, नरात ते नसतात किंवा खुरटलेले असतात. फूल फक्त एक-दोन दिवस टिकतं, त्यामुळे एकाच फेरीत सगळी झाडं सापडत नाहीत. ओपन्शिया रोबस्टाच्या कळ्यांची वाढ टप्प्याटप्प्याने तपासली तेव्हा दिसलं, की दोन्ही प्रकारच्या कळ्या सुरुवातीला उभयलिंगीच असतात. पुढे एका बाजूच्या अवयवाच्या पेशी मरतात आणि तो तिथेच थांबतो. म्हणून नर फुलातही स्त्रीकेसराचा सांगाडा दिसतो. नुसत्या त्याच्यावरून ‘उभयलिंगी’ लिहून मोकळं होणं ही पहिल्या वर्षाची ठरलेली चूक.

शस्त्रागारात काय काय असतं

काटे सगळ्यांना दिसतात. त्यांच्या बुडाशी बारीक कुसळांचे झुपके असतात आणि खरा त्रास त्यांचाच. पण हे झालं यांत्रिक संरक्षण. फड्याच्या आत वेगळाच कारभार आहे.

अळूची भाजी नीट शिजली नाही किंवा चिंच कमी पडली की घसा खवखवतो. त्यामागे कॅल्शियम ऑक्झलेटचे सुईसारखे स्फटिक असतात. निवडुंगातही हाच पदार्थ आहे, फक्त आकार वेगळा: सुया नाहीत, तर चहूबाजूंनी टोकं आलेले गोळे, सूक्ष्मदर्शकाखाली धोत्र्याच्या फळासारखे दिसणारे. किडीच्या जबड्याला ते कुरकुरीत वाळूसारखे लागतात. शिवाय जो ऑक्झलेट विरघळलेल्या रूपात असतो तो खाणाऱ्याच्या पोटात कॅल्शियम बांधून टाकतो. तरीही अमेरिकेतल्या पांढऱ्या गळ्याच्या वुडरॅट या रानउंदराचं मुख्य खाणं हे फडेच आहेत. त्याच्या आतड्यातले जीवाणू ऑक्झलेटचा बहुतांश भाग फोडून टाकतात.

दुसरी फळी फिनॉल वर्गातल्या द्रव्यांची. कच्च्या केळ्याचा तुरटपणा आठवा, त्याच नातेवाइकांतली ही मंडळी. ओपन्शियात क्वेर्सेटिन, आयसोऱ्हॅम्नेटिन यांसारखे फ्लॅव्होनॉइड आणि पिसिडिक आम्ल सापडतं.

तिसरी फळी बुळबुळ्याची. फडा कापला की भेंडीसारखा तारेचा द्रव वाहतो. याचं मुख्य काम पाणी धरून ठेवण्याचं, पण लहान अळीसाठी तो चिखल ठरतो. दक्षिण अमेरिकेतल्या कॅक्टोब्लास्टिस पतंगाची मादी अंडी काडीसारखी एकावर एक रचते, एका काडीत बऱ्याचदा साठ ते शंभर. अळ्या एकदम बाहेर पडतात आणि सगळ्या मिळून एकाच भोकातून फड्यात शिरतात. एकटीदुकटी अळी बुळबुळ्यात अडकते. झुंड मात्र आत जाते आणि फडा पोकळ करून टाकते.

चौथी फळी अल्कलॉइडची, म्हणजे नायट्रोजन असलेल्या, बहुधा कडू आणि विषारी द्रव्यांची. ओपन्शियात तिचा जोर कमी, पण इतर निवडुंगांत तीच प्रमुख. पेयोटी या निवडुंगातलं मेस्कॅलिन हे भास निर्माण करणारं द्रव्य अनेकांना ऐकून माहीत असतं. सोनोराच्या वाळवंटातल्या सेनिता निवडुंगाचं उदाहरण त्याहून बोलकं आहे. त्याची अल्कलॉइडं तिथल्या इतर फळमाश्यांना विषारी आहेत, पण ड्रॉसोफिला पॅचिया ही एक माशी त्याच्याच कुजलेल्या खोडात वाढते. १९६५ मध्ये हीड आणि किर्चर यांनी दाखवलं, की या माशीला वाढीसाठी लागणारं स्टेरॉल याच निवडुंगात मिळतं. तिला दुसरीकडे जाताच येत नाही.

मुंग्यांना मधाचं आमिष हीसुद्धा एक फळी मानावी लागते. कळ्या आणि कोवळ्या फड्यांवर गोड रस सुटतो, मुंग्या त्यावर येतात आणि किडींना हुसकावतात. पगार साखरेत.

एकाच खर्चातून निघणारे दोन उलटे अंदाज

वाद खरा इथे आहे. मादी बोंडं पोसते: पाणी, साखर, बिया, बियांची कठीण कवचं. नराचा खर्च फुलं आणि पराग इथेच संपतो. यावरून पहिला अंदाज असा: मादीच्या हातात वाढीसाठी कमी उरतं, ती हळू वाढते. हळू वाढणाऱ्याचा एक फडा गेला तर तो भरून यायला जास्त काळ लागतो, म्हणून असलेलं जपणं तिला परवडतं. तेव्हा मादीत फिनॉल जास्त, ऑक्झलेट जास्त. नर भराभर वाढतो, थोडं खाल्लं गेलं तरी चालतं, म्हणून त्याच्यावर किडी जास्त.

दुसरा अंदाज याच्या बरोबर उलट निघतो, आणि तोही त्याच खर्चातून. बोंडांवर कार्बन खर्च झाला तर फिनॉल बनवायला कुठून आणणार? फिनॉल कार्बनचे, साखरेपासूनच बनतात. मग फळं भरण्याच्या काळात मादी रिती, आणि नराच्या गाठीला मात्र शिल्लक.

दोन्ही तर्क बरोबर आहेत, फक्त ते वेगवेगळ्या काळाबद्दल बोलतात. पहिला झाडाच्या आयुष्याचा हिशेब मांडतो, दुसरा एका हंगामाचा. म्हणून ‘मादीत जास्त की नरात’ असा प्रश्न महिना न सांगता विचारणं अर्धवट आहे. फुलोऱ्याआधी मादी वरचढ दिसू शकते आणि बोंडं पिकताना मागे पडलेली दिसू शकते, आणि दोन्ही मापं खरी असू शकतात.

त्यात आणखी एक पदर: कोणता फडा? बोंडं फड्याच्या वरच्या काठावर येतात आणि त्यांचा भार आधी त्या फड्यावर पडतो. बोंडं असलेला फडा आणि त्याच झाडाचा रिकामा फडा यांत फरक निघाला तर खर्च स्थानिक आहे असं समजायचं. दोन्हींत फरक नाही, पण मादी झाड आणि नर झाड यांत आहे, तर गोष्ट संपूर्ण झाडाची.

कार्बन आणि नायट्रोजन यांचाही भेद लक्षात घ्यावा लागतो. पराग हा नायट्रोजनचा खर्च, फळ हा मुख्यतः कार्बन आणि पाण्याचा. ओपन्शियाची शस्त्रं कार्बनची असल्यामुळे हिशेब एका बाजूला झुकतो. अल्कलॉइडवाल्या निवडुंगात तो वेगळाच निघेल.

आणि बोंड स्वतः? पिकल्यावर ते खाल्लं जावं अशीच व्यवस्था आहे. प्राण्यांच्या पोटातून बिया पसरतात. पण बी कठीण होण्याआधी कुणी हात लावू नये. म्हणून कच्चं बोंड आंबट आणि कुसळांनी भरलेलं, पिकलेलं गोड. लाल-जांभळा रंग बेटालेनचा, बिटात असतो त्याच वर्गातला. ही दोन टप्प्यांची राखण मादीलाच करावी लागते.

मोजताना काय बिघडतं

सगळ्यात मोठी अडचण घड्याळाची. निवडुंग रात्री पर्णरंध्रं उघडतो, कार्बन डायऑक्साइड घेतो आणि मॅलिक आम्लाच्या रूपात साठवतो. दिवसा ते आम्ल वापरतो. त्यामुळे पहाटेचा फडा आंबट आणि दुपारनंतरचा सौम्य. मेक्सिकोत भाजीसाठी कोवळे फडे काढताना याचा विचार करतात. सकाळी नरांचे नमुने घेतले आणि दुपारी माद्यांचे, तर जो फरक निघेल तो लिंगाचा नव्हे, वेळेचा. दोन तासांच्या आत, एक नर, एक मादी असे आलटून पालटून घ्यावेत.

दुसरी अडचण: फडा तुटून पडला की तिथेच मुळं धरतो. शेजारशेजारची पाच झाडं हे एकच झाड असू शकतं. पाचांचे आकडे स्वतंत्र धरले की खोटा आत्मविश्वास येतो. झाडांत अंतर ठेवावं, आणि जमलं तर जनुकीय चाचणी करून घ्यावी. एका झाडाचे तीन फडे घेतले तर त्यांची सरासरी काढून तो एकच आकडा धरायचा.

फड्याचं वय ठरलेलं हवं. शेंड्याचा कोवळा फडा आणि बुडाचा खोडासारखा झालेला फडा यांची तुलना होत नाही. मागच्या वर्षीचा, पूर्ण वाढलेला, एकाच दिशेला तोंड असलेला फडा घ्या. काटे आणि कुसळं चिमट्याने काढा, बुच कापायच्या भोककाढ्याने ठरावीक व्यासाच्या चकत्या काढा आणि लगेच गोठवा. भट्टीत ऐंशी-नव्वद अंशांवर वाळवले तर फिनॉल खराब होतात. गोठवून सुकवणं उत्तम, नाहीतर ४० अंश सेल्सियसच्या आसपास. फड्यात ९० टक्क्यांच्या आसपास पाणी असतं, त्यामुळे अर्धा ग्रॅम कोरड्या पुडीसाठी निदान पाच ग्रॅम ओला गर लागतो. आकडे नेहमी कोरड्या वजनावर मांडा. ओल्या वजनावर मांडले तर कालच्या पावसाने निकाल बदलतो.

फिनॉलसाठी अर्धा ग्रॅम पूड १० मिलिलिटर ८० टक्के मिथेनॉलमध्ये तासभर हलवायची. मिथेनॉलमुळे बुळबुळा साकळतो आणि खाली बसतो, पाण्यात काढलं तर गाळणीच तुंबते. द्रव वेगळा करून तीच पूड पुन्हा दोनदा धुवायची. मग अर्धा मिलिलिटर अर्कात दहा पट पातळ केलेलं फोलिन द्रावण (फिनॉलशी निळा रंग देणारं) २.५ मिलिलिटर, पाच मिनिटांनी ७.५ टक्के सोडियम कार्बोनेट २ मिलिलिटर. अर्ध्या तासाने ७६५ नॅनोमीटरवर वाचन. या परीक्षेची खोड अशी की ती फिनॉल ओळखत नाही, ‘सहज ऑक्सिडेशन होणारं काहीही’ ओळखते. क जीवनसत्त्वही त्यात मोजलं जातं, आणि निवडुंगात ते असतंच. मादी आणि नर यांत फक्त त्याचाच फरक असेल तर तो फिनॉल म्हणून छापला जाईल.

ऑक्झलेटचे दोन भाग वेगळे मोजावेत. गरम पाण्यात निघतो तो विरघळणारा. हायड्रोक्लोरिक आम्लात निघतो तो एकूण. वजाबाकी म्हणजे स्फटिकांचा. आम्लातल्या अर्कावर थेट पोटॅशियम परमँगनेट टाकू नका, कारण फिनॉलही त्याचा रंग घालवतात आणि आकडा फुगतो. आधी अर्काचा सामू पाचच्या आसपास आणून कॅल्शियम क्लोराइड घाला, रात्रभर ठेवा, खाली बसलेला साका धुवा, गरम पातळ गंधकाम्लात विरघळवा आणि ७० अंशांच्या आसपास ०.०२ मोलर परमँगनेट थेंबथेंब सोडा. फिकट गुलाबी रंग अर्धा मिनिट टिकला की थांबा. अशा परमँगनेटचा एक मिलिलिटर म्हणजे ४.५ मिलिग्रॅम ऑक्झलिक आम्ल. एका ग्रॅम पुडीला ६ मिलिलिटर लागले, तर २७ मिलिग्रॅम, म्हणजे २.७ टक्के. द्रावण गार झालं तर प्रक्रिया मंदावते, रंग आधीच टिकल्यासारखा वाटतो आणि आकडा कमी येतो.

एवढं करूनही हातात येतं ते रसायनाचं प्रमाण. त्यालाच संरक्षण म्हणता येत नाही. ते खाणाऱ्याला विचारावं लागतं. चेलिनिडिया ढेकूण फड्यातला रस शोषतो आणि फिकट गोल डाग सोडतो. सोंडकिडा पोखरतो तिथे स्राव वाळून काळपट गाठी होतात. ससे आणि गुरं सरळ तोडतात. तेव्हा फड्यावर पारदर्शक चौकटीचा कागद ठेवून कोणाच्या खुणा किती चौकटींत आहेत हे वेगवेगळं लिहावं. कोचिनिअल कीटकाची गोष्ट तर आणखी निराळी. तो मेणाच्या पांढऱ्या कापसाखाली बसून सोंड थेट रसवाहिनीत घालतो, बाहेरच्या थरातले स्फटिक त्याच्या वाटेतच येत नाहीत. शिवाय त्याच्या अंगातलं लाल कार्मिनिक आम्ल मुंग्यांना आवडत नाही, हे आयस्नर आणि सहकाऱ्यांनी १९८० मध्ये दाखवलं. नर झाडावर कोचिनिअल जास्त दिसला म्हणून ‘नरात फिनॉल कमी’ असा अर्थ लावू नये.

इतर झाडांत काय निघालं

विलो, ॲस्पेन, ज्युनिपर अशा नर-मादी वेगळ्या असलेल्या झाडांवर निवडुंगांपेक्षा कितीतरी जास्त काम झालं आहे. २००५ मध्ये कॉर्नेलिसन आणि स्टायलिंग यांनी तोवरचे अभ्यास एकत्र केले, तेव्हा नर झाडांवर किडी जास्त आणि मादीत संरक्षक द्रव्यं जास्त असं चित्र निघालं. बरीच वर्षं ते गृहीतच धरलं गेलं. २०२२ मध्ये सार्जंट आणि मॅक्कीओ यांनी जास्त मोठा संच तपासला आणि सर्वसाधारण असा कोणताही कल त्यांना सापडला नाही. माझ्या मते हे पटण्यासारखं आहे, कारण वरचे दोन उलटे अंदाज वेगवेगळ्या जातींत वेगवेगळ्या प्रमाणात चालत असतील तर सरासरी शून्याकडे जाणारच. त्यामुळे निवडुंगावर लिहिताना ‘माद्या जास्त सुरक्षित असतात’ हे वाक्य नियमासारखं वापरण्याची सोय आता राहिलेली नाही.

आपल्या बांधावर

आपल्याकडे हा विषय लिंगाच्या वाटेने येत नाही, पण रसायनाच्या वाटेने येतो. १७९५ मध्ये रंगासाठी म्हणून ब्राझीलमधून भारतात जो कोचिनिअल आणला तो भलत्याच जातीचा निघाला. चांगल्या प्रतीचा रंग मिळाला नाही, पण त्याने एका जातीचा फड्या निवडुंग साफ केला. दुसऱ्या जातीला त्याने तोंडही लावलं नाही. तिच्यासाठी १९२६ मध्ये वेगळा कोचिनिअल आणावा लागला. कीटक इतका चोखंदळ, की फड्यांच्या दोन जातींत त्याला जमीन-अस्मानाचा फरक वाटतो.

आता दुष्काळी भागात काटेविरहित निवडुंगाचा चारा होऊ लागला आहे. उरुळी कांचनच्या बाएफ संस्थेने त्यावर काम केलं आहे. काटे गेले तरी ऑक्झलेट आणि बुळबुळा जागच्या जागी आहेत, म्हणून तो एकटा न घालता कडब्यासारख्या कोरड्या चाऱ्यात मिसळून द्यावा. नुसता घातला तर शेण पातळ होतं. फडे दुपारनंतर कापले तर आंबटपणा कमी असतो. आणि एकाच फड्यापासून वाढवलेला सगळा प्लॉट रसायनाने एकसारखा असतो, त्यामुळे एका झाडाला जी कीड मानवते ती सगळ्यांना मानवते. फड्यावर कापसाचा पांढरा ठिपका दिसला तर काडीने चिरडून बघा. लाल रंग उमटला तर तो कोचिनिअल. तो फडा सांध्यातून कापून शेताबाहेर नेऊन जाळायचा, आणि शेजारच्या झाडांचे फडे दोन्ही बाजूंनी, विशेषतः सावलीच्या अंगाने, तपासायचे.